पोस्ट ड्रिल, कॅमलबॅक, टरेट, रेडियल: विचित्र जुनी ड्रिल मशीन आणि सेकंडहँड बाजार

खडखडाट:
लेथवर सगळेच लिहितात, मिलिंगवर पण लिहितात, ड्रिल मशीनला मात्र कोणी विचारत नाही. खांब, मोटर, बिट धरणारा चक, हँडल ओढलं की भोक, संपला विषय. पण जुन्या मशिनरीच्या जाहिराती आणि लिलावाच्या याद्या चाळायची खोड लागली की कळतं, नुसतं भोक पाडायला माणसांनी काय काय उद्योग करून ठेवलेत आणि त्यातलं बरंचसं आता किलोवर जातंय. म्हणून हा धागा. पाहिलेली, वापरलेली, घेतलेली, हातची गेलेली, जी असतील ती टाका. फोटो नसला तर वर्णन करा.

सुरुवात पोस्ट ड्रिलने करतो. हे लाकडी खांबाला बोल्ट मारून बसवायचं, मोटर नाही, पट्टा नाही, बाजूच्या दांड्याने हाताने फिरवायचं. फ्लायव्हील असतं, त्यामुळे एकदा वेग घेतला की हात फार दुखत नाही. खरी गंमत फीडमध्ये, म्हणजे बिट खाली दाबत नेण्यात आहे. शाफ्टवर एक कॅम, तो दर फेऱ्याला एक आकडा हलवतो, आकडा वरच्या दातेरी चाकाला एक-दोन दात पुढे सरकवतो, त्या चाकामुळे स्क्रू फिरतो आणि स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा उभा दांडा, खाली दाबला जातो. म्हणजे एका हाताने दांडा फिरवा, दुसऱ्याने तेल सोडा, फीडकडे बघायला नको. किती दात सरकायचे तेही बऱ्याच मशीनवर कमीजास्त करता येतं. चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज, बफेलो फोर्ज या अमेरिकन कंपन्या भट्टीचे ब्लोअर बनवायच्या आणि सोबत ही ड्रिल पण, कारण गिऱ्हाईक एकच, लोहार.

घेणाऱ्यांसाठी सूचना: बऱ्याच पोस्ट ड्रिलला तीन जबड्यांचा चक नसतोच. स्पिंडलला अर्ध्या इंचाचं सरळ भोक आणि बाजूने एक स्क्रू एवढंच. त्यात अर्ध्या इंच शँकचेच (मागच्या दांडीचेच) बिट बसतात, बारीक बिट लावायचा तर आधी अडॅप्टर करून घ्या.

मिलिमीटर:
मस्त विषय. माझं मत कॅमलबॅकला, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या उभ्या ड्रिलला. मागे खाली पायऱ्यांची पुली, तिथून चपटा पट्टा वरच्या पुलीवर, वर आडवा शाफ्ट आणि पुढे बेव्हल गिअरने उभा स्पिंडल. बहुतेक मशीनला बॅक गिअर असतो, तो टाकला की स्पिंडल इतका सावकाश फिरतो की बघणाऱ्याला वाटतं मोटर बसली. पण मोठ्या भोकाला हेच लागतं. साध्या स्टीलमध्ये २५ मिमीचा एचएसएस (हायस्पीड स्टील) बिट, कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर धरा, हिशोबाने येतात साधारण ३२० आरपीएम. ५० मिमीला त्याच्या निम्मे. आणि ही मशीन ज्या काळात घडली तेव्हा बिट कार्बन स्टीलचे होते, त्यांना याच्याही निम्मा वेग. आजचं स्वस्तातलं बेंच ड्रिल कमीत कमी ५००-६०० वर फिरतं, त्यात २५ चा बिट लावला की किंचाळतं आणि बिटाची धार निळी पडते.

बेअरिंग बहुतेक बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची. घाबरू नका, ओतता येतात. शाफ्टला काजळी धरायची, दोन्ही टोकं लिंपून बंद करायची, कास्टिंग गरम करायचं, मग ओतायचं. थंड कास्टिंगमध्ये ओतलं तर धातू पकडत नाही.

चकचावी:
चौकोनी भोक पाडणारं ड्रिल खरंच असतं का हो? आमच्याकडे नव्या पोराला "चौकोनी बिट घेऊन ये" म्हणून स्टोअरमध्ये पिटाळायचे.

टेपरशँक:
असतं, आणि स्टोअरवाल्याने एखाद्या दिवशी खरंच काढून दिलं तर पंचाईत पाठवणाऱ्याची. हॅरी वॉट्स नावाच्या माणसाचं काम. १९१७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाली, कंपनी वॉट्स ब्रदर्स, पेनसिल्व्हेनियातली.

बिटाचा छेद रूलो त्रिकोणाच्या जातीचा. फुगीर बाजूंचा त्रिकोण, कुठूनही मोजा रुंदी सारखीच. असा आकार चौकोनी खिडकीत फिरवला तर तो चारही भिंतींना कायम टेकून फिरतो आणि टोकं जवळजवळ कोपऱ्यांपर्यंत पोचतात. जवळजवळच, कारण कोपरे किंचित गोल राहतात. शुद्ध रूलो त्रिकोण धरला तर चौकोनाचा साधारण ९८.८ टक्के भाग कापला जातो. अडचण एकच, फिरताना त्याचं केंद्र एका जागी राहत नाही. म्हणून बिट साध्या चकमध्ये धरून चालत नाही, मधे फ्लोटिंग चक लागतो आणि वर चौकोनी भोकाची कडक गाईड प्लेट. षटकोनी भोकाला पाच धारांचा बिट, म्हणजे भोकाच्या बाजूंपेक्षा एक कमी.

आता धंद्याची बाजू. नुसता बिट सापडतो, गाईड प्लेट आणि फ्लोटिंग चक हरवलेले असतात. ते दोन नसतील तर तो बिट पेपरवेट म्हणून वापरा.

गोदामवाला:
टेपरशँकनी शेवटी जे लिहिलंय त्यावरच आमचं पोट चालतं किंवा उपाशी राहतं. जुन्या मशिनरीच्या धंद्यात आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो, शिव्या नंतर घाला.

कुठल्याही मशीनची तळातली किंमत म्हणजे बिडाचा भाव गुणिले वजन, वजा उचलायचा आणि फोडायचा खर्च. त्याच्या वर जे मिळतं ते गिऱ्हाईक मिळालं तर. साध्या रेडियलला (आडव्या आर्मवर हेड सरकणारं ड्रिल), साध्या पिलर ड्रिलला गिऱ्हाईक असतंच, आज ना उद्या. विचित्र मशीनला गिऱ्हाईक एक असतं आणि ते कुठल्या देशात आहे ते तुम्हाला माहीत नसतं. तोवर ते जागा अडवतं, त्या जागेचं भाडं चालू, त्यात गुंतलेला पैसा पण अडकलेला. मग एक दिवस भंगाराचा भाव चढतो आणि मन घट्ट करून गॅस कटर बोलावावा लागतो. इथले लोक म्हणतात डीलरला कदर नाही. कदर आहे हो, जागा नाही.

आणि ही मशीन कारखान्यातून बाहेर येतानाच अर्धी होतात. फिटर टूलिंगचं कपाट आपलं समजतो, स्टोअर वेगळ्या लॉटमध्ये विकलं जातं, मॅन्युअल कचऱ्यात. लिलावात लॉट १४० ला मशीन आणि लॉट ६१२ ला त्याचेच स्लीव्ह (लहान बिट बसवायचे जोड), बॉक्स टेबल (जॉब धरायचं पेटीसारखं टेबल), टॅपिंग हेड (आटे पाडायचं), "किरकोळ सामान" म्हणून. ६१२ कोणीतरी तिसराच घेऊन जातो.

खडखडाट:
हे पटलं. पण नवा रंग मारून "रिकंडिशन्ड" म्हणून विकायची जी पद्धत आहे तिचं काय? स्लाईडवर रंग, ऑइल कपावर रंग, नेमप्लेटवर पण रंग. एका मशीनच्या स्केलवरचे आकडे रंगाखाली गेलेले पाहिलेत.

गोदामवाला:
आहेत असे, नाही म्हणत नाही. ओळखायची खूण सांगतो. चांगला डीलर मशीन धुतो, रंगवत नाही, आणि पॉवरवर चालू करून दाखवतो. "वायरिंग काढलंय, पण चालू होतं" हे वाक्य ऐकलं की किंमत आपोआप कमी धरायची. अमेरिकेत डीलरांची जुनी संघटना आहे, एमडीएनए, १९४१ पासूनची, तिची आचारसंहिता आहे. लिलावात तसलं काही नाही, जसं आहे जिथे आहे. बोली लागली की त्यावर बायर्स प्रीमियम (लिलाववाल्याचं कमिशन), त्यावर कर, आणि उचलायची मुदत. ती चुकली तर जागाभाडं. नवीन लोक बोलीचा आकडा बघून खूश होतात, रिगिंगवाल्याचं (मशीन उचलून हलवणाऱ्याचं) कोटेशन नंतर बघतात.

मिलिमीटर:
+१. आधी क्रेन, मग बोली.

तेलकटहात:
विचित्र म्हणताय तर टरेट ड्रिल राहिलं. बर्गमास्टर कंपनीचं. फ्रेड बर्ग नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकात कंपनी काढली. सहा स्पिंडलचं गोल डोकं, काम करणारा स्पिंडल तेवढाच फिरतो. छोट्या मॉडेलवर हँडल पूर्ण वर नेलं की डोकं आपोआप पुढच्या स्पिंडलवर. सेंटर ड्रिल, ड्रिल, रीमर, काउंटरसिंक, टॅप, सगळं जॉब न हलवता. एनसीच्या (आकड्यांच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनच्या) आधी छोट्या बॅचला यासारखं काही नव्हतं.

पुढची गोष्ट मशीनपेक्षा धंद्याची आहे. १९६५ मध्ये हुडाय नावाच्या मोठ्या कंपनीने बर्गमास्टर घेतली. १९७९ मध्ये हुडायच कर्ज काढून विकत घेतली गेली, केकेआर या गुंतवणूक कंपनीने, त्या काळातला गाजलेला सौदा. डोक्यावर कर्ज आणि समोर जपानी मशीन. १९८२ मध्ये हुडायने अमेरिकन सरकारकडे अर्ज केला की जपानी मशीनवर करसवलत बंद करा, तो फेटाळला गेला, आणि दशकाच्या मध्याला बर्गमास्टरचा कारखाना बंद झाला. हजारो लोकांना सहा स्पिंडलचं ड्रिल देणाऱ्या कंपनीची मशीन शेवटी लिलावात.

आज घ्यायचं असेल तर प्रत्येक स्पिंडल हाताने फिरवून बघा आणि टरेट प्रत्येक पोझिशनला पक्कं लॉक होतंय का बघा. लॉक पिन झिजली असेल तर सहाही भोकं सहा ठिकाणी.

नवशिक्या:
वाचतोय, भारी चाललंय. एक स्वार्थी प्रश्न. मला रेडियल ड्रिल घ्यायचंय, ५० मिमी क्षमतेचं, आर्म १६०० च्या आसपास. दोन समोर आहेत, एक सोव्हिएत २एम५५, एक जुनं ब्रिटिश. काय काय तपासू? आणि माझ्याकडे सिंगल फेज आहे, थ्री फेज करून देणारा इन्व्हर्टर ड्राइव्ह लावून चालेल ना?

तेलकटहात:
@नवशिक्या, आधी ड्राइव्हचं. रेडियलमध्ये एकच मोटर नसते. स्पिंडलची एक, आर्म वरखाली करायची एक, क्लॅम्पच्या हायड्रॉलिकची बऱ्याचदा एक, कूलंटची एक. मधे कॉन्टॅक्टर, रिव्हर्सिंग, इंटरलॉक. अख्ख्या मशीनच्या मागे एक ड्राइव्ह लावून मधले कॉन्टॅक्टर चालू-बंद करत बसलात तर ड्राइव्ह जाईल. अशा मशीनला रोटरी फेज कन्व्हर्टर (मोटर फिरवून थ्री फेज बनवणारा) बरा, त्याच्यापुढे मूळ वायरिंग तसंच चालतं. नेमप्लेटवरचं व्होल्टेज मात्र आधी बघा.

तपासणी. स्पिंडलच्या टेपरमध्ये बोट घालून आत चरे आहेत का बघा. टँग (शँकच्या टोकाची चपटी जीभ) तुटलेला बिट आत गरगर फिरलेला असतो तिथे, मग मोर्स टेपर, म्हणजे बिटाची निमुळती शँक, पकडतच नाही. हलके चरे रीमरने निघतात, खोल असतील तर सोडा. क्विल (स्पिंडलसकट खालीवर सरकणारी नळी) पूर्ण खाली काढा, डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा, हाताने ढकला. क्विल घरात असताना सगळीच मशीन चांगली वाटतात. मग वाकडा रॉड स्पिंडलला धरा, त्याला डायल, आणि बेसवर गोल फिरवून काटकोन बघा, हेड आर्मच्या मुळाशी असताना एकदा आणि टोकाला असताना एकदा.

आता लोक विसरतात ते. डायल स्पिंडलला टेकवून कॉलमचा क्लॅम्प मारा. क्लॅम्प मारताना स्पिंडल सरकतो किती? झिजलेलं मशीन इथे पकडलं जातं, कारण सेंटरवर नेम धरून क्लॅम्प मारला की नेम गेला. गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून उजेडात धरा, पितळी चमचम दिसली तर कोणतं तरी बुश झिजत चाललंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आर्म उचलणाऱ्या स्क्रूचं नट. अख्ख्या आर्मचं आणि हेडचं वजन त्या कांस्याच्या नटावर. बऱ्याच रेडियलमध्ये मुख्य नटाखाली एक सेफ्टी नट असतं, त्याच्यावर वजन नसतं, ते नुसतं सोबत फिरतं. दोघांमधली फट म्हणजे मुख्य नट किती झिजलं त्याचं माप. फट संपली असेल तर आर्मखाली उभं राहून फोटो काढू नका.

टेपरशँक:
भर घालतो. २एम५५ ओडेसाच्या रेडियल ड्रिल कारखान्याचं, स्पिंडल मोर्स ५, वजन पावणेपाच टनांच्या जवळ. दणकट आहे. ब्रिटिश म्हणजे आस्क्विथ का? हॅलिफॅक्सचं? त्याच गावात किचन अँड वेड पण रेडियलच बनवायचे.

मोर्स ५ चं स्पिंडल म्हणजे ५ ते ४, ४ ते ३, ३ ते २ असे स्लीव्ह लागणार. प्रत्येक स्लीव्ह थोडा रनआउट (केंद्रापासून डुलणं) घालतो, तीन एकात एक घातले की बारीक बिट डोळ्यांना दिसेल इतका डुलतो. शक्यतो ५ ते २ एकाच तुकड्यात घ्या.

अवांतर: स्टीफन मोर्सचं ट्विस्ट ड्रिलचं पेटंट १८६३ चं. टेपर साधारण १:२०, पण गंमत अशी की प्रत्येक नंबरचा टेपर किंचित वेगळा आहे, एकच टेपर मोठा-लहान केलेला नाही. दीडशे वर्षं जग ते निमूट वापरतंय.

चकचावी:
अवांतरावर अवांतर: मग विल्किन्सन या इंग्रज कारखानदाराने १७७५ मध्ये जेम्स वॉटच्या इंजिनाचं सिलिंडर पाडलं ते पण ड्रिलिंगच की.

टेपरशँक:
ते बोरिंग. कास्टिंगमध्ये भोक आधीच होतं, त्याने दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्याने ते गोल आणि सरळ केलं. पाडलं नाही. पण गन ड्रिल चालेल या धाग्यात. एकाच बाजूला धार असलेला बिट, लांब नळी, नळीतून दाबाने तेल आत जातं आणि बाहेरच्या व्ही खाचेतून किस घेऊन परत येतं. धार एकीकडेच असल्यामुळे बिट दुसरीकडे भिंतीवर टेकतो आणि नुकत्याच कापलेल्या भोकालाच गाईड म्हणून वापरतो. सुरुवातीला मात्र कडक बुश लागतो, कारण तेव्हा टेकायला भिंतच नसते. प्रॅट अँड व्हिटनीची दोन स्पिंडलची जुनी मशीन आहेत, बंदुकीच्या नळ्यांसाठीची. त्यात नळी फिरते आणि बिट स्थिर, भोक सरळ जायला याने मदत होते. लेथपेक्षा लांब, उंचीला कमरेइतकं, आणि नव्या माणसाला हे नेमकं काय आहे हेच कळत नाही, म्हणून कधीकधी वजनाच्या भावात मिळतं. दाबाचा पंप सोबत आहे का ते विचारा. नसतो.

खडखडाट:
युद्धकाळातल्या पाट्यांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. दुसऱ्या महायुद्धातल्या काही अमेरिकन मशीनवर वॉर प्रॉडक्शन बोर्डाच्या आदेशाप्रमाणे बनवल्याची पितळी पाटी असते, ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचा छाप. युद्ध संपल्यावर अमेरिकेने १९४६ मध्ये वॉर अ‍ॅसेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन काढलं, जादा माल विकायला, त्यात मशीन टूल ढिगाने. नवी मशीन बनवणाऱ्यांना आपल्याच जुन्या मालाशी स्पर्धा करावी लागली.

आता लोक नुसती ती पाटी बघून जास्त पैसे देतात. माझ्या मते पाटी काही भोक पाडत नाही. आणि पाट्या सुट्या पण विकल्या जातात, तेव्हा रिव्हेट नवे दिसतायत का बघा.

गोदामवाला:
पाटी काढून वेगळी विकणारे आमच्यातलेच आहेत, दुर्दैव. सिरीयल नंबर बेडवर किंवा टेबलाच्या कडेला ठोकलेला असतो बऱ्याचदा, तो पाटीशी जुळवा.

मिलिमीटर:
@नवशिक्या, हलवण्याचं कोणी सांगितलं नाही. रेडियल म्हणजे एका हाताने भरलेली बादली लांब धरून उभा असलेला माणूस. फाउंडेशन बोल्ट काढले की तो पुढे पडणार. म्हणून बोल्ट काढायच्या आधी आर्म बेसच्या बरोबर वर आणा, हेड कॉलमकडे पूर्ण आत, बेसवर जाड लाकडी ठोकळा ठेवून आर्म त्यावर टेकेपर्यंत खाली, सगळे क्लॅम्प घट्ट. पॉवर नसेल तर आर्म हाताने खाली आणावा लागतो, तो वेळ धरा. उचलताना पट्टे उत्पादकाने दाखवलेल्या जागीच, आणि पहिला इंचभर उचलून थांबा, कुठे कलतंय ते बघा, मग पुढे. क्लच-ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, कॉम्प्रेसरने हवा मारून साफ करू नका.

नवशिक्या:
आलो बघून दोन्ही. २एम५५ चालू केलं, आवाज चांगला, तेल स्वच्छ, टेपरमध्ये चरे नाहीत. पण नटांमधली फट जवळजवळ संपलीय. ब्रिटिशवाल्याचं नट ठीक आहे पण कॉलमचा क्लॅम्प मारला की डायल उडी मारते, आणि ते वायरिंग काढलेलं. रशियनसोबत बॉक्स टेबल आणि स्लीव्हची पेटी आहे, ब्रिटिशसोबत काही नाही. मन ब्रिटिशवर जडलंय, दिसायला फार देखणं आहे.

तेलकटहात:
मन आवरा. नट करून मिळतं. कांस्यात ट्रॅपिझॉइडल थ्रेड, चांगला टर्नर करेल. पिच आणि खोली स्क्रूच्या अगदी टोकाला मोजा, जिथे आर्म कधी जात नाही, मधला भाग झिजलेला असतो. झीज जास्त असेल तर टोकाच्या मापाने केलेलं नट मधे सैल लागेल, तेवढं चालवून घ्यायचं की स्क्रू पण करायचा हे मोजून ठरवा. थ्रेड डावा की उजवा ते टर्नरला लिहून द्या, तोंडी नको. नट काढताना आर्मला खालून भक्कम आधार, क्लॅम्पच्या भरवशावर नाही. ब्रिटिशचा कॉलम आणि बाही (कॉलमवर फिरणारा भाग) घासून सरळ करणं हे त्याच्या दसपट काम.

खडखडाट:
देखणं आहे तर फोटो टाका तरी.

गोदामवाला:
रशियन घ्या. फटीचा फोटो विक्रेत्याला पाठवा आणि नव्या नटाचा खर्च किमतीतून वजा करून मागा, तो देईल, कारण त्यालाही माहीत आहे. आणि उचलायच्या दिवशी बॉक्स टेबल आणि स्लीव्हची पेटी आधी गाडीत टाका, मशीन नंतर. उलट केलंत तर क्रेनकडे बघण्याच्या नादात टेबल दुसऱ्याच्या गाडीत जातं आणि मग ते माझ्याकडे विकायला येतं.